लॅखलन इम्लाखची लोखंडी काठी

मित्रांनो, मला उलटं धरलं तर थकलेल्या माणसाला चालताना आधार होतो आणि सुलटं धरलं तर चेंडू वाऱ्याखालून पळतो. माझं वय मला नीट सांगता येणार नाही. माझ्या दांड्याला केसाएवढी भेग गेली आहे आणि तोंडावर ठोकलेले ठिपके झिजून जवळजवळ सपाट झाले आहेत, त्यावरून अंदाज तुम्हीच करा. गोल्फ खेळायच्या ज्या काठ्या आता सहसा कुणी बनवत नाही, त्यांतली मी एक. पण मला रडगाणं गायचं नाही. मला फार चांगली माणसं मिळाली. त्यांच्याबद्दल सांगायचं आहे.

माझा जन्म किलडोर्नच्या बंदरामागच्या लोहारशाळेत झाला. वॉटी क्रुकशँक हा तिथला लोहार. घोड्यांचे नाल, होड्यांचे नांगर आणि दारांच्या कड्या घडवून झाल्या की उरलेल्या विस्तवावर तो गोल्फच्या काठ्यांची तोंडं घडवायचा. त्याने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि चेंडू निसटू नये म्हणून माझ्या तोंडावर बारीक ठिपके उठवले. मग मला हिकरीच्या चिवट लाकडाचा दांडा बसवला आणि मुठीपाशी मेंढीचं कातडं गुंडाळून डांबर लावलेल्या दोऱ्याने घट्ट आवळलं.

मला बनवून घेणारा होता लॅखलन इम्लाख. हा तरुण पिंपं बनवायचा. मिठात भरलेले हेरिंग मासे त्याच्या पिंपांतून दूरदूरच्या देशांत जायचे. अंगाने किडकिडीत, बोलायला शांत.

"वॉटीकाका, चेंडू उंच उडवणारी नको मला," तो म्हणाला होता. "वारा वर असतो. मला खालून जाणारी हवी."

"खालून जायचं तर काठी कशाला? बूट आहे की पायात. लाथ मार," वॉटी म्हणाला. पण त्याने माझं तोंड अगदी हवं तसं केलं. आभाळाकडे फार वळलेलं नाही आणि अगदी ताठही नाही. त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. पुढे जे काही झालं, ते माझं तोंड तसं होतं म्हणूनच झालं.

किलडोर्नचा माळ समुद्राला लागून आहे. वाळूच्या टेकड्या, आखूड कडक गवत, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, आणि झाड म्हणाल तर एकही नाही. तिथे आडोसा कुणालाच मिळत नाही, मेंढीला नाही आणि माणसालाही नाही. खेळ तसा साधा. चेंडू मारत मारत दूरवर झेंडा रोवलेल्या भोकापर्यंत न्यायचा आणि आत घालायचा. ज्याला कमी फटके लागतील त्याने तेवढी वाट, म्हणजे ते होल, जिंकलं. आमच्या माळावर प्रत्येक होलला नाव होतं. 'धुराडं', 'म्हातारीची मांडी', 'पाद्र्याची दाढी', 'घरची वाट'. नावं कुणी ठेवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

लॅखलनचा जोडीदार होता गॅव्हिन मेअर. हा मच्छीमार. खांदे दारात मावणार नाहीत असे. तो चेंडू मारायचा तेव्हा टेकडीवरचे पक्षी उडायचे. दोघं लहानपणापासून एकत्र खेळलेले आणि लहानपणापासून एकमेकांशी भांडलेले. भांडण एकाच गोष्टीवरून. गॅव्हिन झेंड्याकडे बघायचा, आणि लॅखलन झेंड्याच्या अलीकडे बघायचा.

"अरे, झेंडा तिकडे आहे आणि तू डावीकडे काय मारतोस?" गॅव्हिन ओरडायचा. "उधारी थकलेल्या माणसासारखा वळसा घालून काय चाललायस?"

"झेंडा कुठे पळून जाणार आहे? मी मेलो तर कुठे मरेन ते आधी बघू दे."

'पाद्र्याची दाढी' या होलवर हे भांडण दर वेळी व्हायचं. तिथे वाटेच्या बरोबर मधोमध वाळूचा खोल खड्डा होता आणि त्याच्या कडेवरून लांब गवत दाढीसारखं खाली लोंबायचं. गॅव्हिन त्यावरून सरळ उडवायचा. जमलं तर वाहवा, नाही तर दाढीत. लॅखलन मला हातात घ्यायचा आणि खड्ड्याच्या अलीकडे, डाव्या हाताला, छोटासा फटका मारायचा. दिसायला भित्रा. पण तिथून पुढची वाट उघडी होती आणि जमीनही भोकाभोवतीच्या हिरवळीकडेच उतरत होती. दुसऱ्या फटक्याला त्याने चेंडू नुसता सोडून दिला की बाकीचं काम उतार करायचा. मला फार आवडायचं ते. उडण्यात माझा काही वाटा नसतो, पण जमिनीवरून धावणारा चेंडू शेवटपर्यंत माझाच असतो, असं मला वाटायचं.

मग लढाई सुरू झाली. दोघं एकाच पलटणीत गेले. लॅखलनने मला स्वयंपाकघराच्या दाराआड उभं केलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "इथेच थांब."

मी थांबले. माझ्या तोंडावर गंज चढला. कोळ्यांनी जाळी केली. लॅखलन परत आला तेव्हा मी त्याची पावलं ओळखली नाहीत. ती भिंतीला धरून येत होती. तोफेचा गोळा जवळ फुटला होता आणि त्याचे दोन्ही डोळे गेले होते.

गॅव्हिनही परत आला. धडधाकट आला. पण तो लॅखलनच्या दारात आला नाही. एकदाही नाही.

लॅखलन चुलीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. घरात त्याच्याशिवाय त्याची थोरली बहीण जेसी होती. ती बंदरावर हेरिंग साफ करायची. या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून सुरी चालवतात. सुरी इतकी झरझर चालते की बघणाऱ्याला मासा आपणहून उघडतोय असं वाटतं. जेसीची जीभही तशीच चालायची. गोल्फ तर तिला मुळीच सोसायचा नाही. "चांगला चेंडू लांब फेकायचा, मग तो शोधत हिंडायचं, आणि घरी येऊन दमलो म्हणायचं! याला खेळ म्हणतात होय!" पण आता ती संध्याकाळी घरी यायची, भावाकडे बघायची आणि तिचीही जीभ गप्प व्हायची. तो उत्तरच देत नसे. किती हिवाळे असे गेले.

मित्रांनो, माझं नशीब उघडलं ते एका चोरट्या समुद्रपक्ष्यामुळे. जेसीने दाराशी मासे वाळत घातले होते. दांडगा पक्षी खाली उतरला आणि एक मासा ओढू लागला. जेसीने ओरडून हाताला येईल ते उचललं, आणि हाताला आले मी. तिने मला असं फिरवलं की मी पक्ष्याला सोडून पायरीच्या दगडावर जाऊन आदळले. खणकन आवाज झाला. पक्षी मासा घेऊन गेला.

आतून हसण्याचा आवाज आला.

जेसी दारातच थिजली. लॅखलन हसत होता. "हात आखडून मारलास," तो म्हणाला. "म्हणून वाचला तो. खांदा पुरता फिरवायचा असतो, जेसी."

"तुला काय ठाऊक मी कशी मारली?"

"ऐकलं ना. ती माझी लोखंडी काठी आहे. दगडाला टाच लागली तिची, नाक नाही. आण इकडे."

त्याने मला हातात घेतलं. गंजावरून बोट फिरवलं. मुठीचं कातडं चाचपलं. मी त्याच्या तळव्यात परत गेले तेव्हा मला काय वाटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात एके दिवशी होड्या रिकाम्या आल्या आणि बायकांना काम नव्हतं. जेसीने त्याला कोट घातला आणि माळाच्या पार टोकाला नेलं, जिथे कुणी बघणार नाही. चेंडू ठेवला, मला त्याच्यामागे टेकवलं, भावाचे पाय सरळ केले आणि म्हणाली, "झेंडा समोर आहे. मार."

त्याने मारलं. मी नुसती जमीन उकरली. पुन्हा मारलं. चेंडू हललाच नाही. तिसऱ्या वेळी त्याने रागाने मला इतक्या लांब भिरकावलं की मी टेकडीवरच्या गवतात जाऊन पडले.

"चल घरी," तो म्हणाला.

"काठी घे आणि चल."

"तू आण."

"फेकलीस तू, आणायची तू. मी काय तुझी मोलकरीण आहे?" जेसी जागची हलली नाही. "सरळ चाल. आता डावीकडे. एवढं नाही रे, दार अर्धं उघडल्याएवढं. हां. आता चढ लागेल, आपल्या माळ्याच्या जिन्याएवढा. गवत मऊ झालं? खाली वाक. अजून थोडं पुढे."

त्याचा हात माझ्यावर पडला. तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. मला वाटलं, हा आता रडणार. पण तो म्हणाला, "जेसी, तू चांगलं सांगतेस गं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसलं."

तिथून त्यांचा खरा खेळ सुरू झाला. जेसीला डोळे होते पण खेळ कळत नव्हता. लॅखलनला खेळ पाठ होता पण डोळे नव्हते. सुरुवातीला ती दर वेळी झेंडा कुठे आहे तेच आधी सांगायची.

"झेंडा सोड," तो म्हणायचा. "वाटेत काय काय वाईट आहे ते सांग."

"उजवीकडे खड्डा. खड्ड्यामागे काटे. काट्यांमागे समुद्र. समुद्रामागे नॉर्वे."

"नॉर्वेपर्यंत नाही जाणार मी. डावीकडे काय?"

"काही नाही. नुसतं गवत. बशीसारखं."

"मग बशीत टाकू. लांब पडेल, पण मरणार नाही. वारा कुठून?"

"गावातल्या धुराड्यांचा धूर शेताकडे चाललाय."

"म्हणजे समुद्रावरून. मग चेंडू समुद्राच्या बाजूला सोडायचा, वारा आत आणेल. आणि खाली ठेवायचा. वाऱ्याशी भांडून कुणी जिंकलेलं नाही, त्याला हमाल करायचं."

असं करत करत जेसीला माळ कळू लागला. ती सगळं घरातल्या भाषेत सांगायची. ही उंचवट्याची हिरवळ म्हणजे उपडी ठेवलेली कढई, हिच्या मधोमध टाकलास तरच राहील. ती दुसरी म्हणजे पोळीसारखी, पण कडा समुद्राकडे करपलेल्या. 'म्हातारीची मांडी' या छोट्या होलची हिरवळ खोलगट होती. भोवतीच्या उतारावर चेंडू कुठेही पडला तरी घरंगळत मध्ये यायचा. "इथे झेंड्याकडे बघूच नकोस," जेसी आता स्वतःच म्हणायची. "मागच्या उताराच्या भिंतीवर टाक आणि परत येऊ दे." लॅखलन हसायचा. त्याच्या पिशवीत आणखीही दोन-तीन काठ्या होत्या, पण बहुतेक वेळा तो मलाच मागायचा. आखूड फटका, खालून जाणारा, धावणारा. घरी जाताना मला उलटं धरून वाट चाचपत जायचा. काही दिवसांनी तो पिंपांच्या कारखान्यातही परत गेला. फळ्यांचे सांधे त्याला बोटांनी कळायचे. तिथले लोक म्हणायचे, लॅखलनची पिंपं गळत नाहीत.

उन्हाळ्यात गावाची चषकाची स्पर्धा असते. लॅखलनने नाव दिलं. गोल्फ मंडळाचे प्रमुख फर्कर मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, भले गृहस्थ, पण नियमाला चिकटून.

"खेळाडूला सल्ला फक्त त्याच्या काठ्या वाहणाऱ्या माणसाने द्यावा असा नियम आहे, मिस इम्लाख," ते म्हणाले. "आजवर ते काम बाईने केलेलं नाही. तिथे 'माणूस' असं लिहिलंय."

"मग मी काय बगळा आहे?" जेसी म्हणाली.

फर्कर मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बगळा तर नक्कीच नाही. बगळे गप्प असतात." आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. त्यांचेही माझ्यावर उपकार आहेत.

पहिल्याच सामन्याच्या चिठ्ठीत लॅखलनसमोर नाव निघालं गॅव्हिन मेअरचं.

त्या दिवशी अर्धं गाव माळावर आलं होतं. गॅव्हिन आला, टोपी काढली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बरा आहेस ना, लॅखी?" लॅखलन म्हणाला, "बरा आहे." बस्स, एवढंच. सामना सुरू झाला.

लॅखलन चांगला खेळत होता. जेसी सांगत होती, तो ऐकत होता आणि मी माझं काम करत होते. पण होलं जरा जास्तच सोपी जात होती. गॅव्हिनचा चेंडू भोकाजवळ यायचा आणि मग छोटासा फटका चुकायचा. कधी उजवीकडून, कधी डावीकडून. लोक हळहळायचे. अर्धा माळ संपला तेव्हा लॅखलन पुढे होता, आणि तो पुढे जाईल तसा त्याचा चेहरा उतरत चालला होता.

'पाद्र्याची दाढी'पाशी तो थांबला.

"गॅव्हिन," तो म्हणाला, "तुझ्या काठीचा आवाज मला पाठ आहे. तू नीट मारतोस तेव्हा ती टक् म्हणते. आज ती सारखी खोकतेय."

"वारा आहे रे..."

"वारा मला सांगतोस? तू मुद्दाम हरतोयस."

गॅव्हिनचा चेहरा लाल झाला. "मग काय करू? तुला हरवू? या सगळ्यांसमोर?"

"हो. जमलं तर."

गॅव्हिन लॅखलनजवळ आला. मग हलक्या आवाजात बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. "त्या दिवशी पाणी आणायची पाळी माझी होती. मी पाय दुखतो म्हणालो आणि तू गेलास. मी कुठल्या तोंडाने तुझ्या दारात येऊ?"

लॅखलनने माझ्यावर दोन्ही हात टेकले. त्याच्या बोटांचा जोर मला जाणवत होता.

"पाय दुखतच होता तुझा. बूट मीच काढला होता, माझे हात रक्ताने भरले होते. त्याचा हिशेब मी तुला कधी विचारला? माझे डोळे गेले ते तोफेने नेले. पण माझा मित्र गेला तो तू नेलास, गॅव्हिन. तो दे परत."

समुद्र तेवढा आवाज करत होता. शेवटी जेसी म्हणाली, "मागून दुसरे लोक येतायत. रडायचं असेल तर चालता चालता रडा."

गॅव्हिन हसला की रडला ते मला नीट कळलं नाही. पण त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली, हातात थुंकला, काठी उचलली, आणि टक् आवाज झाला. टेकडीवरचे पक्षी उडाले. लॅखलनचा चेहरा एकदम उजळला. "हा आला बघ," तो जेसीला म्हणाला. "कुठे गेला?"

"सरळ. झेंड्याकडे."

"मग दाढीत असेल."

"दाढीतच आहे."

वारा समोरून होता आणि गॅव्हिन काही शिकला नव्हता. लॅखलनने मला घेऊन खड्ड्याच्या अलीकडे, डावीकडे चेंडू ठेवला. मग उताराच्या डोक्यावर सोडला आणि ते होल जिंकला. पण यानंतर गॅव्हिनने असा काही खेळ केला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. एकामागून एक होल तो परत घेत गेला. 'म्हातारीच्या मांडी'वर दोघांचे चेंडू मागच्या भिंतीवरून घरंगळत आले आणि एकमेकांना चिकटून थांबले. 'घरची वाट' या शेवटच्या होलपाशी दोघं बरोबरीत होते.

या होलवर हिरवळीच्या तोंडाशी एक खोल घळ आहे. उंच मारलेला चेंडू कडक हिरवळीवर आपटून मागच्या रस्त्यावर जातो आणि आखूड पडलेला घळीत अडकतो. वारा आता पाठीमागून होता.

"घळ किती ओली आहे?" लॅखलनने विचारलं.

जेसी खाली उतरली, बूट दाबून बघितला, वर आली. "कोरडी. ताटासारखी."

"मग तिच्यातूनच धाडू. उडी मारायची नाही. उतरायचं आणि चढायचं."

त्याने मला आखूड मागे नेलं आणि सोडलं. चेंडू गवताला घासत गेला, घळीत दिसेनासा झाला, पलीकडून हळूच वर आला आणि भोकाजवळ थांबला. लोकांनी टोप्या उडवल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फटका तो.

आता गॅव्हिनने काय करावं? त्याने आपली उंच उडवणारी काठी पिशवीतून काढली, क्षणभर बघितली आणि परत ठेवली. लोखंडी काठी घेतली. आणि आयुष्यभर ज्या फटक्याची टिंगल केली, तोच मारला. घळीतून. त्याचा चेंडू लॅखलनच्या चेंडूला मागे टाकून भोकाच्या आणखी जवळ गेला.

लॅखलनचा शेवटचा फटका भोकाच्या कडेवरून वळला आणि बाहेर थांबला. गॅव्हिनचा आत गेला.

आंधळ्या माणसाच्या हरण्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.

"किती राहिला गं?" लॅखलनने विचारलं.

"हेरिंगच्या शेपटीएवढा," जेसी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

लॅखलनने मान वर केली आणि मोठ्याने हसला. "हरलो!" तो म्हणाला. "अरे, किती दिवसांनी खराखुरा हरलो! इतके दिवस सगळे मला जिंकूच देत होते. दार उघडून देत होते, जागा देत होते, बोललो की हो म्हणत होते. गॅव्हिन, कुठे आहेस तू?"

गॅव्हिन तिथेच होता. त्याने लॅखलनचा हात धरला तो दोघं चहाच्या खोलीपर्यंत जाईस्तोवर सोडला नाही. मी लॅखलनच्या दुसऱ्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर गॅव्हिन मासे घेऊन उभा होता. "जेसी, तुझा भाऊ उठला का? त्याला म्हणावं, दाढीच्या डाव्या बाजूचं मला पुन्हा एकदा समजावून सांग."

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. पुढे जेसीही खेळू लागली. खांदा पुरता फिरवायला शिकली आणि गॅव्हिनच्या जवळपास चेंडू नेऊ लागली. हरली की मात्र घरी येऊन भांडी आपटायची. जेसी आणि गॅव्हिन लग्न करणार असं गाव कित्येक वर्षं बोलत राहिलं. त्यांनी केलं नाही. गॅव्हिनने दुसरीकडे संसार थाटला आणि जेसीने त्याच्या मुलांना मासे साफ करायला आणि उलट उत्तरं द्यायला शिकवलं.

काळ बदलला. पोलादी दांड्यांच्या चकचकीत काठ्या आल्या आणि माझ्यासारख्यांना लोक अडगळीत टाकू लागले. लॅखलन मात्र शेवटपर्यंत मलाच मागत राहिला. तो गेला तेव्हा जेसीने मला दाराआड ठेवलं नाही, हातात घेतलं. तिचे गुडघे दुखू लागले होते. ती मला उलटं धरून बंदरावर जायची, दुकानात जायची, चर्चमध्येही न्यायची. माझ्या तोंडावर तिचा तळवा घट्ट बसायचा. तीही गेल्यावर घर दुसऱ्यांनी घेतलं. त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी मला परसात रोवलं आणि माझ्यावर मटाराचा वेल चढवला. पावसाने माझं लाकूड काळं पडलं, मुठीचं कातडं कुजलं. दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. पण वेलाचे कोवळे तंतू मला धरून वर जायचे तेव्हा बरं वाटायचं. कुणी तरी धरून उभं आहे, एवढं मला पुरतं.

तिथून मला सोडवलं ते उना मेअरने. ही गॅव्हिनची नात. माळाची आणि गवताची सगळी देखभाल तीच करते. एकदा ती या घरी मटार घ्यायला आली होती. वेलामधून माझं लोखंड दिसल्यावर तिने गुडघ्यांवर बसून वेल बाजूला केला. वॉटी क्रुकशँकचा शिक्का माझ्या मागच्या अंगावर अजून होता. मटार घरमालकिणीला काढू दिले, वेलाला दुसरी काडी लावून दिली आणि मग मला घेऊन गेली. तिने गंज घासला, लाकडाला जवसाचं तेल पाजलं, मुठीला नवं कातडं गुंडाळलं. माझं तोंड मात्र तिने फार चकचकीत केलं नाही. झिजलेले ठिपके झिजलेलेच ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरात दाराआड, माळ्यावर, परसात काही तरी उभं असेल. त्याला नुसतं काचेच्या कपाटात ठेवू नका. तेल लावा, पुसा आणि जमेल तेवढं कामाला घ्या. वापराने आम्ही झिजतो खरं, पण न वापरता जास्त झिजतो. आणि घरातल्या कोपऱ्यात एखादं माणूस बसलं असेल तर त्याला नुसती दया देऊ नका, त्याच्याकडून मुद्दाम हरू नका. त्याचा हात धरून त्याला बाहेर न्या, समोर काय काय आहे ते सांगा आणि मग त्याच्याशी मन लावून खेळा. लॅखलनला डोळे कुणी देऊ शकलं नाही. पण जेसीने त्याला सांगितलं, आणि गॅव्हिनने त्याला हरवलं. मी दोघांच्याही ऋणात आहे.

गेल्या वसंतात उना मला माळावर घेऊन गेली. वारा जोरात होता. तिने माझी भेग बोटाने चाचपली, क्षणभर घाबरली, आणि तरीही चेंडूमागे मला टेकवलं. मीही घाबरले होते. तिने आखूड मागे नेलं आणि सोडलं. चेंडू गवताला घासत निघाला, एका उंचवट्यावर चढला, पलीकडे उतरला आणि धावतच राहिला. भेग वाढली नाही. उनाने मला खांद्यावर टाकलं आणि चेंडूकडे चालू लागली, पुढचा फटका मारायला.